सुनूच्या मृत्यूचं कारण

दीड महिन्यापूर्वी सकाळचा चहा गाळत असताना मानेसरहून संदीपचा, माझ्या भाच्याचा, फोन आला. "मावशी, आई गेली..." आणि थोडं थांबून, "लोकांना हार्ट सांगू या. मनूचं लग्न ठरतंय." मनू त्याची मुलगी. मी बरं म्हटलं. सुनंदा माझी धाकटी बहीण, तुम्हा नातवंडांची सुनूआजी. परदेशात तुम्हालाही मी फोनवर हार्टच सांगितलं.

सुनू दिल्लीत तीस वर्षं कर्करोगाच्या नोंदणीचं काम करत होती. इस्पितळांतल्या फायलींमधून रुग्णाचं वय, वस्ती, आजार कुठल्या अवयवाचा, हे उतरवून घ्यायचं. मृत्यूचे दाखलेही ती तपासायची. बहुतेकांवर एकच कारण, हृदयक्रिया बंद. "ताई, दिल्लीत हृदयाशिवाय कुणाला काही होतच नाही बघ," ती म्हणायची. संशय आला की ती घरी जायची. हिंदूराव इस्पितळाजवळ एका घरात मुलगा ओरडला, "हमारे यहाँ किसी को कैंसर नहीं था!" हिने पाणी मागितलं, सावकाश प्यायली. "ठीक है बेटा, बस माँ की फाइल दिखा दो." बऱ्याच वेळाने त्याने कपाटातून फाइल काढली आणि रडू लागला. मला म्हणाली, "हृदय शेवटी सगळ्यांचंच थांबतं गं. तेवढंच लिहिलं तर शहरात काय वाढतंय ते कळणार कसं?" स्तनाच्या कर्करोगाच्या फायली वाढत होत्या, त्यातल्या बायका तिला दरवर्षी तरुण वाटत होत्या. त्यावर मात्र तिने कधी विनोद केला नाही.

तिलाही तोच झाला. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता... "पोरांच्या परीक्षा संपू दे, मीच सांगेन," तुमच्याबद्दल म्हणाली. तेवढे दिवस मिळाले नाहीत.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला तिच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आली होती. "दीदी को क्या हुआ था?"

"हार्ट."

तिने माझ्याकडे पाहिलं. "अच्छा," म्हणाली आणि चप्पल घालून निघाली. असं उत्तर तिने किती दारांत ऐकलं असेल.

परवा मी संदीपला म्हटलं, मी नातवंडांना खरं लिहिणार आहे. मनूने त्याच्या हातातून फोन घेतला. "लिही आजी. लपवून ठेवायचं तर मी डॉक्टरकडे काय सांगू?"

ईरा, सई, तुमचे डॉक्टरही विचारतील, घरात कुणाला होता का? हो म्हणा. आजीच्या सख्ख्या बहिणीला. स्तनाचा. वय त्रेसष्ट, मुक्काम मानेसर, त्याआधी जन्मभर दिल्ली.