जुने तोंड लावलेली नवी गाडी

नोकरीतली बरीच प्रकरणे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. अंथुर्ण्याजवळच्या अपघाताचे मात्र तसे झाले नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा मी इंदापूर तालुक्यात फौजदार होतो.

सकाळी सातच्या सुमारास एक नवरा-बायको रस्त्याच्या कडेने एस.टी. थांब्याकडे चालले होते. पूर्वी मेंढरे राखणारे, अलीकडे दोन एकर शेती करणारे घर. बारामतीकडून आलेल्या पिकअपने समोरून नवऱ्याला धडक दिली. गाडी क्षणभर थांबली, मागे सरकली आणि त्याला वळसा घालून निघून गेली. अर्ध्या तासाने दुधाची गाडी आली तोवर तो माणूस संपला होता.

पंचनाम्यात चौकोनी हेडलाइटच्या काचा, काळ्या प्लॅस्टिकच्या जाळीचा वीतभर तुकडा आणि पांढऱ्या रंगाचे पोपडे मिळाले. बाईला लिहिता-वाचता येत नव्हते, त्यामुळे नंबरचा प्रश्नच नव्हता. समोरच्या काचेवर ऊन पडले होते, म्हणून ड्रायव्हरही दिसला नव्हता. तिने सांगितले एवढेच, "गाडी पांढरी. दिवं चौकोनी. म्होरं काळी जाळी."

"नक्की ना, ताई?"

"मेंढरं तोंडावरनं वळखनारी मानसं आमी, सायब. चुकायची न्हाय."

मी पाच ओळींत जबाब लिहिला, अंगठा घेतला आणि कामाला लागलो.

त्या पिकअपची तेव्हा दोन मॉडेले रस्त्यावर होती. जुन्याला गोल हेडलाइट आणि लोखंडी जाळी, नुकत्याच आलेल्या नव्याला चौकोनी हेडलाइट आणि काळी जाळी. नव्या गाड्या थोड्याच होत्या. आम्ही इंदापूर आणि बारामती या दोन्ही तालुक्यांतल्या नव्या गाड्यांची यादी आरटीओकडे मागितली आणि ती येईपर्यंत नाकाबंदी लावली. आठव्या दिवशी बारामतीच्या बाजारात एक पांढरी पिकअप सापडली. चौकोनी हेडलाइट, त्यातला एक तडकलेला. मालक लोणी भापकरचा, भाजीपाल्याची वाहतूक करणारा, पन्नाशीचा. लोक त्याला तात्या म्हणत.

तात्याला ठाण्यात आणले. त्याचे एकच म्हणणे.

"साहेब, माझी गाडी जुनीच हाय. तोंड तेवढं नवं बसवलंय."

माझे हवालदार हसले. मीही विश्वास ठेवला नाही. दोन दिवस त्याला बाकावर बसवून ठेवले, पुन्हा पुन्हा तेच विचारले. एकदा माझा हात उठला. ते मी इथे लपवत नाही. दोन्ही दिवस त्याचे उत्तर एका शब्दानेही बदलले नाही. खोटे बोलणारा माणूस सहसा दर वेळी थोडी भर घालतो, हे मला तेव्हाही माहीत होते. पण वरून विचारणा होत होती आणि मला आरोपी हवा होता.

अखेर बारामतीच्या गॅरेजमधला मिस्त्री बोलावला. त्याने गाडीखाली वाकून दाखवले. चासी जुनी, दरवाजे जुने, फक्त बॉनेट, मडगार्ड, जाळी आणि हेडलाइट नव्या मॉडेलचे. "जुन्या गाडीला नवं तोंड बसवायची सध्या टूमच निघालीय, साहेब. हे मीच बसवलंय, अपघाताच्या आधी." शिवाय अपघाताच्या वेळी तात्या बारामतीच्या बाजारात माल उतरवत होता, हे चार हमालांनी सांगितले. काचेचे तुकडेही जुळले नाहीत. मी त्याला सोडले. माफी मागितली नाही. फौजदाराने माफी मागायची नसते, असे तेव्हा मला वाटत असे.

पाच-सहा दिवसांनी तात्या आपणहून ठाण्यात आला आणि माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

"साहेब, माझ्या गाडीचं जुनं तोंड बावड्यात फिरतंय."

"म्हणजे?"

"काढलेलं तोंड मी मिस्त्रीकडंच ठेवलं हुतं. त्यानं ते इकलं. काल बावड्याच्या बाजारात मला दिसलं. डाव्या मडगार्डला बैलगाडीचं जू लागून खड्डा पडलेला, त्यो माझ्याच हातचा हाय. पर साहेब, ज्या गाडीला लावलंय ती गाडी नवी हाय. दारं नवी, केबिन नवी. नव्या गाडीला जुनं तोंड कोन लावतं?"

मी खुर्चीतून उठलो आणि त्याला बसायला सांगितले.

मिस्त्रीकडे चौकशी केली. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी बावड्याचा एक मनुष्य दुसऱ्याच्या टेंपोतून येऊन ते सगळे सुटे भाग घेऊन गेला होता. ठाण्यात परत येऊन नाकाबंदीची नोंद काढली, तेव्हा मान खाली गेली. त्याच माणसाची गाडी आमच्याच हवालदाराने अडवली होती आणि शेरा मारला होता: 'हेडलाइट गोल, जुने मॉडेल, सोडून दिले.'

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत बावड्याला गेलो. गाडी घरासमोर उभी होती. नवे बॉनेट काढून जुने बसवले की ते दोन्ही बाजूंना अपुरे पडते. तिथे पत्र्याच्या पट्ट्या जोडून वर रंग मारलेला होता. मालक चाळिशीचा, गावात मान असलेला. त्याने आम्हाला चहा विचारला.

ठाण्यात तो शांतपणे म्हणाला, "म्हैस आडवी आली, साहेब. नवे भाग लवकर मिळत नव्हते."

या वेळी मी आवाज चढवला नाही. म्हैस कुणाची, कुठल्या शिवारात, मोडलेले भाग कुठे टाकले, एवढेच विचारले. त्याने एका वस्तीचे नाव घेतले. हवालदार जाऊन आला. तिथे कुणाची म्हैस गाडीखाली आली नव्हती. मी पुन्हा विचारले. आता म्हैस दुसऱ्या वस्तीची झाली. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा तो टेबलाची कड धरून बोलू लागला.

"मी थांबलो हुतो, साहेब. उतरनार हुतो. पर ती बाई माझ्याकडं बघत हुती. रडत न्हाय, वरडत न्हाय, नुसती बघतीय. मला वाटलं, हिनं मला वळखलं. मग हात-पायच चालंनात. रिव्हर्स टाकला."

मोडलेले तोंड त्याने उसाच्या फडात पुरले होते. पंचांसमक्ष काढले. पंचनाम्यातला जाळीचा तुकडा तिथल्या जाळीत बरोबर बसला. हयगयीने मृत्यूस कारण होणे आणि पुरावा नष्ट करणे, अशी कलमे लावून दोषारोपपत्र पाठवले.

खटल्यात तात्या साक्षीला आला. कोर्टाच्या आवारात मी त्याच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "माझं चुकलं, तात्या." तो म्हणाला, "व्हय, चुकलंच." एवढेच बोलला आणि पान लावत बसला. मला ते पुरेसे होते.

नंतर बाईची साक्ष झाली. आरोपीच्या वकिलांनी तिला घेरले. नवरा रक्ताच्या थारोळ्यात असताना कुठली बायको गाडीचे दिवे पाहत बसते? हे तुला पोलिसांनीच पढवले आहे. ती पदर सावरून न्यायाधीशांकडे वळली.

"त्यांच्याकडं बघवत नव्हतं, सायब. म्हनून गाडीकडं बघत ऱ्हायले. आत कोन हाय ते काय बी दिसत नव्हतं."

आरोपीच्या पिंजऱ्यातल्या माणसाने तोंड ओंजळीत झाकले. त्याला शिक्षा झाली.

त्यानंतर मी कितीतरी जबाब घेतले आणि साक्षीदाराला एक प्रश्न नेहमी विचारत गेलो: तुम्ही त्या वेळी तिकडेच का पाहत होता? त्या बाईला तो मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. तो तिला विचारला आरोपीच्या वकिलांनी, भरल्या कोर्टात.