झूम लेन्सला ग्रीस

आमच्या बाबांच्या मते जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात: ग्रीस लावलेल्या आणि ग्रीस लावायच्या राहिलेल्या. फौजेत त्यांचा सगळा जन्म गाड्या दुरुस्त करण्यात गेला. रिटायर होऊन महूला परतले तेव्हा गाड्या सुटल्या, ग्रीसचा डबा तेवढा सोबत आला.

माझी झूम लेन्स मात्र मी कुणाला शिवू देत नसे. घरात कुणाचे नवे बूट आले की खोक्यातली ओल शोषणारी पुडी आधी माझ्या लेन्सच्या डब्यात जायची. (बायको म्हणायची, "पोराचं नाक कधी इतक्या मायेनं पुसलंत?") त्यामुळे धाकट्या पिंकीचं लग्न ठरलं तेव्हा मी ऐटीत जाहीर केलं, "भाऊ घरात असताना फोटोला बाहेरचा माणूस कशाला?"

पिंकीची अट एकच होती. "दादा, माझ्या लहानपणीच्या एकाही फोटोत बाबा नाहीत. सदा पोस्टिंगवर. लग्नाच्या हर एक फोटोत मला बाबा पाहिजेत."

"डन," मी म्हटलं.

लग्नाच्या आधी हात बसावा म्हणून मानपूरकडे मोराचे फोटो काढायला गेलो. मोर शेतात होता आणि मी हायवेच्या कडेला, ट्रकांच्या धुरळ्यात. मोर निघून गेला, धुरळा लेन्समध्ये राहिला. झूम फिरवला की आतून जात्यासारखी घरघर. इंदूरच्या दुरुस्तीवाल्यानं लेन्स कानाशी धरली.

"महीनाभर लगेगा, भिया."

"शादी इसी हफ्ते है."

"तो मोबाइल से खींच लो."

असला अपमान गिळून मी घरी आलो आणि पुन्हा एकदा फिरवून बघितलं. आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "ग्रीस मागतंय ते."

"बाबा, ही लेन्स आहे."

"आवाज करते ना?"

दुसऱ्या दिवशी सांवेर रोडच्या फॅक्टरीतून ड्युटी करून परतलो, तर लेन्स जेवणाच्या टेबलावर. शेजारी बाबा, चिंध्या आणि डबा.

"फिरवून बघ. एकदम मक्खन."

खरंच मक्खन. इतकी मक्खन, की कॅमेरा जरा खाली झुकला की लेन्स आपली आपण सर्रकन पुढे सरकायची.

लग्नात स्टेजपुढे सगळे मोबाइल वर करून उभे. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर चढलो. एक हात मंडपाच्या खांबाला, दुसऱ्यात कॅमेरा. पंचशील झालं, नवरा-नवरीनं हार उचलले, मी कॅमेरा झुकवला आणि लेन्स सरकली. फोटोत नवरदेवाची फक्त एक नाकपुडी. मागे ढकलली, क्लिक केलं, तर दुसरी नाकपुडी.

बाबांनी स्टेजवरून ते पाहिलं. यंत्र बिघडलंय म्हटल्यावर हा माणूस स्टेजवर थांबतोय कशाला? गर्दीतून वाट काढत ते माझ्या खुर्चीपाशी आले.

"तू बटन दाब. मी धरतो."

आणि लेन्सचं तोंड मुठीत धरून उभे राहिले. हार घालून झाले, फुलं उधळून झाली, ग्रुप फोटोही झाले, तरी सोडेनात. स्टेजवर पिंकी मान वळवून कुणाला तरी शोधत होती. मी ओरडलो, "पिंकी, इकडे बघ, स्माइल दे."

पुढच्या आठवड्यात ती सासरच्या मंडळींना घेऊन आली. लॅपटॉपवर फोटो लावले. एकेक फोटो पुढे जाऊ लागला तशी मला पिंकीची अट आठवली.

"छान आलेत," तिच्या सासूबाई म्हणाल्या. "पण तुझे वडील कुठे दिसत नाहीत ते?"

मी सगळ्यांसाठी पाणी आणायला उठलो. (सगळ्यांच्या हातात चहा होता.)

पिंकीनं स्क्रीनच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे एक धूसर, काळपट अंगठा होता. पुढच्या फोटोतही होता. त्याच्या पुढच्याही.

"हे काय, इथेच आहेत बाबा. हर एक फोटोत," ती म्हणाली. हसता हसता तिला रडू आलं, तिनं पदरानं डोळे पुसले, बाबांना शेजारी ओढून बसवलं आणि माझ्याकडे वळली.

"दादा, आता एक चेहऱ्याचा काढ. मोबाइलवर."