एका भूमिकेला दोन मुली

शाळेत नाटक बसवणाऱ्या बाईकडे किस्से कमी पडत नाहीत हो, ऐकणारं माणूस कमी पडतं! मस्कतच्या एका इंडियन स्कूलमध्ये मी मराठी शिकवते आणि दरवर्षी मोठ्या वर्गांचं नाटक बसवते. नवरा गेला, लेक मेलबर्नला. तालीम संपली की घर खायला उठतं. म्हणून आज तुम्हाला पकडलंय. चहा घ्या आणि गुपचूप बसा.

*

आमच्याकडे प्रत्येक भूमिकेला दोन मुलं. एक करणारा, दुसरा त्याचा ‘सेकंड’. कारण इथे बापाची नोकरी गेली की बघता बघता अख्खं कुटुंब विमानात! एका वर्षी आमचा राजा गेला, मागोमाग त्याचा सेकंडही गेला. शेवटी मिशी चिकटवून मीच सिंहासनावर बसले.

प्रिन्सिपलसर म्हणाले, "मॅडम, नो ॲक्टिंग रिक्वायर्ड!"

*

मुलांच्या मराठीचं तर विचारूच नका. एका नाटकात बाप शेवटच्या घटका मोजतोय आणि मुलाने त्याच्या उशाशी रडायचंय. पठ्ठ्या वाक्य विसरला. बापाच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "बाबा, चिल!"

मरणारा बाप खो खो हसत सुटला. पडदा पाडावा लागला.

*

यंदाची नायिका समीरा. घरचे रत्नागिरीचे, वडील इथे मस्कतजवळ रुसैलच्या एका गोदामात सुपरवायझर. पोरीचं मराठी खणखणीत! तिची सेकंड रेवा, तिचीच जिवलग मैत्रीण. ही रेवा नववीपासून कुणाची ना कुणाची सेकंडच. सगळ्यांचे संवाद तोंडपाठ, पण प्रयोगात स्टेजवर एकदाही पाऊल नाही.

मी एकदा विचारलं, "कंटाळा नाही येत गं?"

"मॅम, मला रोल हवाय. खूप हवाय. पण त्यासाठी कुणीतरी जायला लागतं ना!"



*

जानेवारीत समीराच्या वडिलांची नोकरी गेली. तिने तालमीतच सांगून टाकलं, "मॅम, खलास. आम्ही चाललो गावाला."

ती गेली आणि रेवा तालमीला यायची बंद. मी सरळ तिच्या घरी जाऊन थडकले. "नाटक पाडतेस काय माझं?" म्हणून चांगला दम भरला. आली मुकाट्याने.

आणि प्रयोगात काय काम केलं हो पोरीनं! टाळ्या थांबेनात. तिची आई फुलं घेऊन विंगेत उभी, आणि ही बया मेकअप न पुसता कोपऱ्यात फोनवर, "दुसऱ्या सीनमध्ये तू थांबायचीस ना, सेम तशीच थांबले मी. तू बघायला हवं होतंस यार!"

मी तिच्या आईला म्हटलं, फुलं द्या इकडे, मी धरते.

*

आता स्प्रिंग डान्स. उकाडा सुरू व्हायच्या आत शाळेच्या हॉलमध्ये असतो. नियम एकच, फ्लोअरवर जोडीनेच जायचं. मैत्रिणी-मैत्रिणी, मित्र-मित्र, काहीही चालतं. पण आमची शूर मुलं भिंतीला पाठ लावून उभी! गेल्या वर्षी तासभर कुणी हललं नाही. शेवटी लक्ष ठेवायला आलेल्या मुलांच्या आयांनीच कंटाळून फुगडी घातली. मुलं लाजून पार्किंगमध्ये पळाली.

*

यंदा मोबाइल जमा करायची ड्यूटी माझी. रेवाने दिला नाही. मीही मागितला नाही.

गाणं लागलं, आणि रेवा एकटीच फ्लोअरच्या मधोमध गेली. फोन समोर धरलेला. व्हिडिओ कॉलवर समीरा, रत्नागिरीच्या घरात, ओढणी कमरेला खोचून नाचतेय! इकडे ही, तिकडे ती.

आमच्या शाळेच्या सुपरवायझर मॅडम तरातरा आल्या. "फोन अलाउड नाही! आणि हिची पार्टनर कुठाय?"

मी म्हटलं, "हातात आहे."

तेवढ्यात नेट अडकलं. स्क्रीनवर समीरा हात वर करून तशीच थिजली. रेवाने फोन खाली घेतला नाही. गाणं संपेपर्यंत नाचली.