ज्वारीत ग्लुटेन शोधणारे दीडशहाणे

मित्रांनो, आज दुपारी औशाला धाकट्या भावाकडं जेवायला गेलो अन् डोकं फिरवून घेऊन आलो.

माझ्या ताटात गरम भाकर, त्याच्यासमोर पथ्याच्या बिस्किटांचा पुडा. महिन्यापूर्वी लातूरच्या कुण्या वजन घटवणाऱ्या मॅडमनं दूध, साखर अन् ग्लुटेन बंद करायला लावलंय म्हणे.

"अरे, मग भाकर का सोडलीस?"

"दादा, ज्वारीत लई ग्लुटेन असतंय. तुला न्हाई कळायचं."

मला! कॉलेज पाहिलं नसेल, पण वाचून शिकलेला माणूस आहे मी. ग्लुटेन गव्हात असतं, जवात असतं. ज्वारीत नसतं म्हणजे नसतंच. पुडा उलटा करून त्यालाच मोठ्यानं वाचायला लावला. पहिलाच शब्द, गव्हाचं पीठ! साखरेच्या जागी गूळ. वा रे पथ्य!

तव्यापाशी बसलेल्या आईनं हळूच विचारलं, "म्हंजी माझी भाकर त्याला बाधत न्हवती?"

महिनाभर म्हातारी स्वतःलाच दोष देत होती.

भावानं पुडा बाजूला सारला. "आई, अर्धी दे."

आईनं सबंध वाढली.

तुमच्या घरात कुणाची भाकर बंद केलीय या अडाण्यांनी?