आग्वा सार्कापर्यंत सात मैल

३० मार्च २००९ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी एका कायद्यावर सही केली आणि मेक्सिकोच्या सीमेपासून युटा राज्याच्या सीमेपर्यंत जाणाऱ्या अ‍ॅरिझोना ट्रेलला राष्ट्रीय वाटेचा दर्जा मिळाला. एवढे निर्विवाद आहे. त्या मोठ्या वाटेला जोडणारी आपलीही एक वाट असावी, ही कल्पना मेस्किटल गावात आधी कोणाला सुचली, याविषयी मात्र एकमत नाही. सायकलवाले श्रेय आपल्या क्लबाला देतात. नगर कचेरीच्या इतिवृत्तात एका निवृत्त शिक्षकाचे नाव आहे. ओफेलिया ब्राकामोन्ते यांना विचारले की त्या म्हणत, "वाट होतीच. तुम्हाला ती आत्ता दिसली, एवढंच."

त्या वेळी त्या अडुसष्ट वर्षांच्या होत्या. त्यांचा जन्म गावापासून सात मैलांवर, टेकड्यांमधल्या आग्वा सार्का या झऱ्यापाशी झाला. वडील तिथे शेळ्या आणि थोडी गुरे राखत. १९५५ साली भोवतालची जमीन तांब्याच्या खाणीसाठी घेतली गेली आणि हे कुटुंब गावात राहायला आले. पुढे टेकड्या पुन्हा सरकारी झाल्या, पण तिकडे जाणारा गाडीरस्ता खाणीच्या आवारातून जात असल्याने त्यावरचे फाटक बंदच राहिले. ओफेलियांनी शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षे काम केले, नवऱ्याला पोचवले, दोन मुलींची लग्ने केली. झऱ्याकडे त्या परत गेल्या नव्हत्या. झऱ्याच्या काठी आईने लावलेले अंजिराचे झाड होते आणि ते अजून आहे की नाही, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते.

अडचण खुब्याची होती. बदललेल्या खुब्यावर त्या अर्धा मैलही धड चालू शकत नसत. घोडीवर मात्र त्या चार-चार तास बसत. घोडीचे नाव कानेला, वय बावीस. म्हणजे दोघींपैकी कोणाकडेच फारसा वेळ नव्हता.

नव्या वाटेच्या पहिल्या सभेला त्या वीस मिनिटे आधी येऊन बसल्या होत्या. चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार अशा तिघांसाठी एकच वाट करायची, असे ठरत होते. सायकल क्लबाच्या वतीने टोबिन हासलर बोलत होता. तो खाणीतल्या अवजड गाड्या दुरुस्त करणारा चाळिशीचा माणूस. त्याने नकाशावर बोट ठेवले आणि तिथे वडीलधाऱ्या बाईला आदराने म्हणतात तसे 'दोन्या' म्हणून ओफेलियांना हाक मारली.

"दोन्या ओफेलिया, खालच्या ओढ्यातून नेली तर दीड मैल वाचतो."

"वाचवून काय करणार आहेस त्या दीड मैलाचं? लोणचं घालणार?"

"पण वरून नेली तर तिथे बघण्यासारखं काहीच नाही."

"तुझ्यासाठी नाही," त्या म्हणाल्या. "वरून ने. ओढ्याला लोंढा आला की तुझा दीड मैल थेट नदीत सापडेल."

वाट वरून न्यायचे ठरले. इतिवृत्तात कारण 'पुराचा धोका' असे नोंदलेले आहे. ते खोटे नाही, पण पुरेसेही नाही; आग्वा सार्का वरच्याच बाजूला होते.

पुढच्या दोन हिवाळ्यांतल्या शनिवारांच्या हजेरीपत्रकांवर 'ओ. ब्राकामोन्ते' हे नाव चाळीस वेळा येते. त्या घडीच्या खुर्चीत बसून चढ मोजायच्या छोट्या यंत्रातून पाहत आणि वाट आखण्यासाठी फिती बांधणाऱ्यांना वरखाली सरकवत. दहा फुटांच्या अंतरात एक फुटाहून जास्त चढ त्यांना चालत नसे. दुपारी त्या बीन्स भरलेल्या तोर्तिया वाटत, आणि ज्याने कुदळ चोच वर करून ठेवली असेल त्याला सर्वांत शेवटी देत.

घोड्यांसमोर कसे वागायचे, हेही त्यांनीच शिकवले. या वाटांवर सायकलवाल्याने सर्वांना आणि चालणाऱ्याने घोड्याला वाट द्यायची, हा नियम फलकावर असतो. पण नुसते बाजूला होऊन भागत नाही. शिरस्त्राण आणि काळा चष्मा घातलेला, गप्प उभा असलेला माणूस घोड्याला माणूस वाटतच नाही. म्हणून उताराच्या बाजूला उतरून बोलत राहायचे. टोबिन पहिल्यांदा कानेलासमोर आला तेव्हा ती दोन पावले मागे सरली.

"बोल!" ओफेलिया ओरडल्या. "तू माणूस आहेस हे कळू दे तिला."

"काय बोलू?"

"तुझ्या आईला फोनवर जे बोलतोस ते."

"आईला मी फोन करत नाही."

"मग तिची माफी माग. कानेला ऐकेल."

टोबिन अखेर खाणीतल्या ट्रकांच्या टायरांमध्ये किती हवा लागते ते सांगत राहिला आणि घोडी शांत झाली. त्यानंतर त्याने नेहमी तेच सांगितले. कानेलाला आता खाणीत नोकरी मिळेल, असे ओफेलिया म्हणत.

चूक झाली ती तिसऱ्या हिवाळ्यात, पाचव्या मैलावर. ओफेलियांच्या दुसऱ्या खुब्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि त्या अकरा आठवडे घरी होत्या. तेवढ्या काळात कामावर एकही घोडेस्वार नव्हता. कागदावर वाटेची मोकळी उंची दहा फूट लिहिलेली होती. पण कामाच्या जागी कोणी कागद काढत नाही. हात वर करून करवत जिथवर पोचते तिथवर फांद्या छाटायच्या, अशी चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची सवय. पाचव्या मैलावर पालोफिएरो जातीचे एक जुने झाड आहे. त्याचे लाकूड इतके जड की पाण्यात बुडते. त्याची मांडीएवढी फांदी वाटेवर आडवी आली होती, जमिनीपासून साडेसहा फुटांवर. डावीकडे कडा, उजवीकडे घळ. चालणाऱ्यांच्या आणि सायकलवाल्यांच्या डोक्यावरून ती सहज जात होती. सगळ्यांनी तिच्या सावलीत जेवण केले आणि ही सगळ्या वाटेवरची उत्तम जागा आहे, असे हजेरीपत्रकाच्या मागे कोणीतरी लिहूनही ठेवले.

फेब्रुवारीत ओफेलिया पहिल्यांदा घोडीवरून तिथवर आल्या. टोबिन मागून पायी येत होता. फांदी त्यांच्या छातीसमोर आली. त्यांनी कानेलाला थांबवले.

"माझ्या लक्षातच आलं नाही," टोबिन म्हणाला.

"बुटक्यांनी बांधलेली वाट," त्या म्हणाल्या. "काप ती."

"जिवंत पालोफिएरो कापायला परवानगी नाही, दोन्या ओफेलिया. तुम्हीच पहिल्या दिवशी सांगितलं होतंत."

"तेव्हा ते माझ्या आड आलं नव्हतं."

"वाट दुसरीकडून वळवायला अर्ज करतो. मग पुरातत्त्ववाले पाहणी करतील. वर्ष जाईल. दीडही."

"हे झाड इथं पाचशे वर्षं उभं आहे. त्याला दीड वर्ष कळणारसुद्धा नाही. हिला विचार." त्यांनी कानेलाच्या मानेवर हात ठेवला. "उतरून चालत जा म्हणशील. उतरेन मी. परत चढवणार कोण? घरी मी ओट्यावरून चढते."

टोबिनने मला सांगितले त्यानुसार, परतल्यावर वाटेच्या तोंडाशी उतरताना त्यांनी त्याच्याकडून लगामही धरून घेतला नाही.

पुढच्या तीन शनिवारांच्या हजेरीपत्रकांवर काम म्हणून फक्त 'दगड' असे लिहिलेले आहे. टोबिनने चार जणांना बरोबर घेऊन फांदीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन ओटे रचले, सिमेंटशिवाय, तीन-तीन पायऱ्यांचे. ओटा किती उंच हवा, ते त्याने ओफेलियांच्या अंगणात जाऊन दोरीने मोजून आणले होते. त्या घरात होत्या आणि खिडकीतून म्हणाल्या, "वरची पायरी रुंद कर. मी नर्तकी नाही." याला तो समेट समजला.

१७ मार्च २०१२. वाटेच्या तोंडाशी टपालपेटीसारख्या पेटीत नोंदवही असते. त्यात त्यांच्या हातची ओळ अशी आहे: नाव, 'घोड्यावर', निघाल्याची वेळ ६.४०, जायचे ठिकाण 'घर'. टोबिन अर्धा मैल अंतर ठेवून सायकलवर मागे होता. पालोफिएरोपाशी त्या ओट्यावर उतरल्या, घोडीला फांदीखालून नेले, पलीकडच्या ओट्यावर चढल्या, आणि दुसऱ्या प्रयत्नात खोगिरात बसल्या.

"येऊ का पुढे?" त्याने विचारले.

"इथंच सावलीत बस. तुझीच आवडती जागा आहे ना."

तो बसला. साडेनऊची वेळ होती. पुढचे दोन मैल घोडीला पाऊण तासाचे, धरून चालू जास्तीत जास्त एक तासाचे. त्या परत आल्या तेव्हा तीन वाजत आले होते. खोगिराला टांगलेल्या दोन्ही बाटल्या भरलेल्या होत्या. टोबिन सवयीने टायरांच्या हवेविषयी बोलू लागला, तेव्हा त्यांनी हात वर करून त्याला थांबवले.

"पाणी आहे," त्या म्हणाल्या.

"आणि झाड?"

"चल, मला चढायला धर."

त्यांनी झाडाविषयी त्याला त्या दिवशी सांगितले नाही आणि नंतरही नाही. कानेला आणखी तीन वर्षे जगली आणि चांगली चालत होती. ओफेलिया तिला दर आठवड्याला नदीकाठी नेत. नोंदवहीत मात्र त्यांची दुसरी ओळ नाही. वही मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दोनदा पाहिली आहे. ओफेलिया २०१६ साली वारल्या.

आग्वा सार्कापाशी आज एक अंजिराचे झाड आहे. जुने खोड मेलेले, बुंध्यातून फुटलेले पाच-सहा नवे धुमारे. १९५३ च्या हवाई छायाचित्रात त्या जागी एक काळा ठिपका दिसतो. ते झाड असेल किंवा पाण्याची टाकी. गावच्या ग्रंथालयाने १९९८ साली केलेल्या ध्वनिमुद्रणात ओफेलिया म्हणतात की झाड आईने लावले. २००७ च्या मुद्रणात म्हणतात, आम्ही आलो तेव्हा ते होतेच. यांपैकी कोणते खरे, हे ठरवण्याचे साधन माझ्याकडे नाही. त्यांनी त्या दिवशी हे झाड पाहिले का, पाहिले तर ओळखले का, त्या साडेतीन-चार तासांत तिथे काय केले, आणि वाट खुली असताना, घोडी धडधाकट असताना त्या पुन्हा का गेल्या नाहीत, हे माहीत नाही.