पुढून उघडायची पेटी

आजवर कुणालाच, अगदी बायकोलाही सांगितलं नाही, ते आधी सांगून टाकतो. दिवाकरने मला दिलेली एकही पेटी मी सोडवली नाही. सहाच्या सहा मागचे स्क्रू काढून उघडल्या.

महिन्यापूर्वी सकाळी त्याच्या बायकोचा, शोभावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले जी..." माझ्या मनात पहिला विचार आला, आता हे त्याला कधीच सांगता येणार नाही. रडू नंतर आलं. तेही कबूल करतो.

नागपूरच्या मनीषनगरहून हिंगण्याला कंपनीच्या बसमध्ये दिवाकर आणि मी वर्षानुवर्षं एका सीटवर बसलो. तो फिटर, मी स्टोअरमध्ये. निवृत्त झाल्यावर त्याने घरीच लाकडी पेट्या करायला घेतल्या. पेटीसोबत त्याने रचलेली एक गोष्ट असायची, कागदावर सुवाच्य अक्षरात. गोष्ट नीट वाचली की कुठली पट्टी सरकवायची, कुठली खुंटी फिरवायची ते कळे, आणि आतली भेट हाती येई. पहिली पेटी माझ्या साठीला आली. मी गोष्टीच्या चार ओळी वाचल्या, जांभई दिली आणि खुंट्या पिळत बसलो. रोज संध्याकाळी त्याचा फोन, "उघडली काय गा?" तिसऱ्या दिवशी मी पेचकस घेतला आणि मागचे स्क्रू काढले. आत आमचा बसचा जुना पास होता. मागची फळी परत बसवली, फोन केला, "उघडली!"

"तीन दिवसांत? मले बनवाले महिना लागला न बे!" त्याला इतका आनंद झाला की खरं सांगायची हिंमतच उरली नाही.

इथून माझं पाप वाढत गेलं. दिवाकरने मला परीक्षक नेमलं. पेटी अवघड झाली की सोपी, हे माझ्यावरून ठरायचं. मी प्रत्येक पेटी दोन-तीन दिवसांत 'सोडवत' असल्याने तो पुढची आणखी अवघड करायचा, आणि तशाच पेट्या लोकांच्या लग्नात आहेर म्हणून जायच्या. त्याच्या भाचीच्या संसाराचे पहिले तीन महिने एका पेटीभोवती भांडण्यात गेले. शेवटी व्याह्यांचा फोन आला, "अहो, पोरं एकमेकांशी बोलत नाहीत, काहीतरी सांगा!" दिवाकर म्हणाला, "आमच्या बंडूनं एकट्यानं दोन दिवसांत उघडली. तुम्ही तर घरी पाच जण आहात!" तो बंडू, म्हणजे मी, शेजारीच बसून चहात बिस्किट बुडवत होतो. ते कपातच पडलं.

एकदा माझ्या घरी त्याने एक पेटी उलटी करून निरखली. "मागचं पॉलिश काहून गेलं गा?"

"दमट हवेनं," मी म्हटलं. मे महिन्यात. नागपुरात.

तो नुसता पेटीवर हात फिरवत राहिला...

तेरवीला वहिनींनी सातवी पेटी माझ्या हातात ठेवली. "तुमच्यासाठी केली होती. आत काय हाय, मलेही नाही सांगितलं. तुम्हीच उघडाल, मंग सांगा मले." तेव्हापासून दर दोन दिवसांनी विचारतात, "उघडली काय जी?" घरी येऊन मी सवयीने पेटी उलटी केली. मागे एकही स्क्रू नाही. सगळे सांधे लाकडात लाकूड बसवलेले. पेचकसाला कुठे जागाच नव्हती. मग निरुपाय म्हणून आयुष्यात पहिल्यांदा दिवाकरची गोष्ट पूर्ण वाचली.

एक चोर होता. एकाच घरात तो दरवेळी मागची भिंत फोडून शिरायचा. घरमालक सकाळी भिंत लिंपून घ्यायचा आणि पुन्हा पुढचं दार उघडं टाकून, चहा ठेवून वाट पाहायचा. शेवटची ओळ अशी, 'एकदा पुढून ये न बे.'

पेटी टीव्हीशेजारी आहे, त्या सहांच्या रांगेत. पुढची पट्टी बोट लावताच हलते, मी पाहिलं आहे. पण सरकवली नाही. वहिनी, येत्या रविवारी पेटी घेऊन येतो, तुमच्यासमोरच उघडू. तोवर छापून आलेला हा लेख तुम्ही वाचलेला असेल, म्हणजे तोंडाने सांगायची पाळी येणार नाही, एवढा भित्रा मी अजून आहेच.

दिवाकरच्या सहा गोष्टी वाचण्याचं मी देणं लागतो. काल पहिली वाचायला घेतली.