पुलावरच्या बाईचा फौजी

फौजी जेवायला बसले की पहिला घास घेण्याआधी भात हुंगायचे. ताट नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे गप्प व्हायचे. तांदूळ माझ्या माहेरचा चिन्नोर, शिजायला लागला की शेजारच्या घरापर्यंत वास जाणारा. आणि हे डोळे उघडून म्हणायचे, "मस्त आहे. पन तिथच्या भाताचा वास येगळा होता." मी वरणाची पळी हातात धरून उभी असायचे. त्या पळीचं काय करावंसं वाटायचं ते इथे लिहीत नाही.

'तिथं' म्हणजे व्हिएतनाम. ब्रह्मपुरीहून वैनगंगेकडे जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटेवरचं आमचं गाव. चांदा शहर न पाहिलेली माणसंही त्यात होती, पण छप्पन-सत्तावन्न साली व्हिएतनाम कुठे आहे हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. फौजींनी माहीत करून दिलं होतं. ते फौजेत ड्रायव्हर होते. आमच्या लग्नाची हळद अंगावर असतानाच हुकूम आला आणि समुद्रापलीकडे गेले, ते दीड वर्षाने परत आले आणि फौज सोडून घरीच राहिले. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी सातवी पास, गावातल्या मुलींच्या शाळेची मास्तरीण, सरपंचाशी तोंड वर करून बोलणारी, तरी मीही घेतलं नाही. गाव त्यांना फौजी म्हणायचं, मीही फौजीच म्हणते.

संध्याकाळी आमच्या घरापुढच्या छपरीत माणसं जमायची. फौजी बाजेवर बसत नसत. सारवलेल्या जमिनीवर उकिडवे बसून काडीने रेघा ओढत तिथल्या लढाईची कारणं सांगायचे. समोर पहिला मान सोमाभाऊंचा. ते गावाच्या जंगलाकडच्या टोकाला राहणारे म्हातारे गोंड शेतकरी. मोहाची दारू घरी गाळली म्हणून इंग्रजांच्या राज्यात शिपायांनी त्यांच्या बापाची हंडी लाथेने फोडली होती.

"आपन कायच्यासाठी उठलो होतो सोमाभाऊ? मिठासाठी. तिथीबी मीठ फ्रेंच साहेबाच्याच हातात," फौजी सांगायचे. "वरून म्हने, घरी दारू गाळायची नाई. तांदूळ त्यायचा, घाम त्यायचा, अन् दारू साहेबाच्या भट्टीची घ्यायची. नाई पेली तरी गावानं तेवढी घेतलीच पाह्यजे."

"नाई पेली तरी?"

"नाई पेली तरी."

सोमाभाऊ बराच वेळ मान हलवत राहिले आणि म्हणाले, "मंग तं लढाई होनारच ना बापा." माझ्या शाळेत पारतंत्र्याची कारणं मुली घोकून घोकून विसरायच्या, आणि इथे हा माणूस दोन वाक्यांत सांगून मोकळा व्हायचा. माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

परिणामही ते असेच सांगत. "फ्रेंचाचा डोंगरातला तळ पडला, म्हून मोठ्या देशायची पंचायत बसली. पंचायतीनं देश मधातून कापला. कापल्या जागी भांडन नको म्हून तीन देशायचे साहेब बसवले, कमिशन म्हनत त्याले, त्यातला एक आपला. अन् थ्या साहेबायची जीप चालवाले कोन पाह्यजे? मी." छपरी हसायची. मी आत चुलीपुढे बसून ऐकायचे. फ्रेंचांचा तळ पडला म्हणून माझा नवरा गेला, हा परिणाम मात्र त्यांनी कधी मोजला नाही. पुढे अल्जीरिया यायचा. फ्रेंचांच्या फौजेत अल्जीरियाचे शिपाई होते. "दुसऱ्याची गुलामी राखाले आनलं होतं बिचाऱ्यायले. थे घरी गेले थे हेच शिकून गेले, का साहेब हरू शकते. आता तिकडं पेटलं आहे." असं म्हणून ते काडीने जमिनीवर आणखी एक रेघ ओढायचे, थेट आमच्या उंबरठ्यापर्यंत.

त्यांच्या जीपमध्ये मागे तीन साहेब असत. "कॅनडावाला म्हने हो. पोलंडवाला म्हने नाई. आपला साहेब म्हने, दोघायचंबी लिहून घ्या." हे त्यांनी घरातही लावलं. सासूबाईंचं आणि माझं मिठावरून, पाण्यावरून वाजलं की आम्ही दोघी त्यांच्याकडे बघायचो, आणि हे बिडी काढून शांतपणे म्हणायचे, "दोघींचंबी लिहून घ्या." न्याय कधी मिळाला नाही. पण भांडण तिथेच बसायचं, कारण हसू यायचं. असा गोड माणूस होता, आणि म्हणूनच त्यांच्यावर धड रागावताही येत नसे.

आता त्या बाईचं सांगते, कारण खरं दुखणं तेच.

देश जिथे कापला तिथे एक नदी होती. "वैनगंगेएवढी नाई, आपल्या नाल्याहून जरा मोठी." तिच्यावर पूल, अर्धा इकडच्यांचा, अर्धा तिकडच्यांचा. दक्षिणेकडचे फ्रेंचांशी लढलेले लोक ठरल्याप्रमाणे उत्तरेला निघून गेले होते. दोन वर्षांनी साऱ्या देशात मतं पडतील, देश एक होईल, तेव्हा परत येऊ, असं सांगून बायकांना मागे ठेवून गेले. पुलाच्या दक्षिण टोकाला त्यांतली एक बाई रोज टोपली घेऊन बसे. टोपलीत बदकाची अंडी. फौजींना वाटलं विकायला बसली आहे. रोज जीप थांबवून ते अंडी घ्यायचे, बदल्यात कधी बिस्किटं, कधी साबणाची वडी द्यायचे. ती काही न बोलता अंडी पुढे करायची.

कित्येक महिन्यांनी दुभाष्याने सांगितलं की त्या बाईचं लग्न नवं आहे आणि ती काही विकत नाही. आज ना उद्या नवरा पूल ओलांडून येईल आणि भुकेला असेल, म्हणून रोज ताजी अंडी उकडून आणते. कमिशनची जीप थांबते, साहेबांचा माणूस हात पुढे करतो, नाही कसं म्हणायचं, म्हणून देते. "म्हंजे मी इतके दिवस तिच्या मानसाच्या वाटचं खाऊन राह्यलो होतो," फौजी म्हणायचे, आणि इथे दर वेळी हातातली काडी खाली ठेवायचे. छपरीतली माणसं खाली बघायची. सोमाभाऊ डोळे पुसायचे.

आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाई नवऱ्याची वाट बघते. नवं लग्न, नवरा सीमेपलीकडे, परत कधी येईल ठाऊक नाही. मग इथे दीड वर्ष मी काय चिंचा फोडत होते? तिचं वाट बघणं त्यांना दिसलं, कारण ती जीपच्या रस्त्यात बसली होती. मी रस्त्यात बसले नव्हते. मी शाळा करत होते, सासूचं करत होते, धान कांडत होते. परत आल्यापासून त्यांनी मला म्हशीचं विचारलं, धानाच्या बांधीतल्या पाण्याचं विचारलं, माझ्या भावाच्या खोकल्याचंसुद्धा विचारलं. मला एकच हवं होतं. त्यांनी एकदा विचारावं, तू कशी राहिलीस?

ते विचारायचे दुसरंच. नागपूरचं वर्तमानपत्र दोन दिवस शिळं होऊन शाळेत यायचं. शाळा सुटून मी घरात पाय टाकते न टाकते तोच, "मास्तरीण, तिकडचं काही आलं का?" छप्पनच्या जुलैपर्यंत तिकडे मतं पडायची होती. जुलैत आमच्याकडे धानाची रोवणी. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून आलेला माणूस हातपाय न धुता विचारणार, आलं का? सवतीची खबर नवऱ्याला वाचून दाखवायची पाळी माझ्यावर आली. मी वाचायचे, खडखडीत आवाजात, एक अक्षर न गाळता. जुलै संपला. एका शेवटच्या पानावर चार ओळी होत्या. दक्षिणेच्या सरकारने मतं घ्यायचं नाकारलं होतं, त्याच्या पाठीशी अमेरिका होती, आणि पंचायतीतल्या मोठ्या देशांनी तिकडे पाठ फिरवली होती.

फौजींनी ताट बाजूला सारलं. "म्हंजे थे तिथीच बसून राह्यन," ते म्हणाले.

मग माझा तोल गेला. "बसू द्या तिला," मी म्हटलं. "तिचा माणूस नाल्याएवढ्या नदीपलीकडे होता, माझा समुद्रापलीकडे होता. तिची तुम्ही अंडी खाल्ली, म्हणून तुम्हाला तिचं वाईट वाटतं. माझं काय खाल्लंत ते तुम्हाला कळलंसुद्धा नाही." सासूबाई हातातला भाताचा घास तसाच धरून बघत राहिल्या. त्या दिवशी 'लिहून घ्या' कोणी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून फौजींनी जे केलं ते जगात दुसऱ्या कुठल्या नवऱ्याने केलं नसेल. मला विचारायचं सोडून त्यांनी चौकशी बसवली. आधी आपल्या आईला विचारलं. मग डाकवाल्याला, मग शेजारणीला, मग शाळेत पाणी भरणाऱ्या बाईला. मी नव्हतो तेव्हा माझी मास्तरीण कशी होती? अगदी कमिशनचा कारभार. सगळ्यांची साक्ष घ्यायची, आणि जिच्यावरून खटला तिला सोडून. मला शेजारीण सांगायची आणि मी लाजेने मरायचे. पण आतून, खोटं कशाला बोलू, सुखावायचेही.

मग एका संध्याकाळी छपरीत त्यांनी माझी गोष्ट सांगितली. मी आत दाराआड. "माही माय सांगून राह्यली," फौजी म्हणाले, "दिवस बुडता बुडता थे कंदिलाची काच पुसाले छपरीच्या कडेला उभी राहे. काच केव्हाचीच साफ होऊन जाय. तरी रस्ता दिसेनासा होयपर्यंत पुसून राहे. दीड वर्ष. मायनं तिले एकदाबी टोकलं नाई." हे मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी बघितलं होतं आणि पोटात ठेवलं होतं. मी पदराचं टोक तोंडात धरलं.

मग सोमाभाऊ खाकरले आणि भलेपणाने म्हणाले, "चांगली पोरगी आहे. बरं फौजी, थे पुलावरची सांग ना आता."

आणि फौजींनी सांगितली. पहिल्यापासून, टोपलीपासून. मी चुलीतलं लाकूड असं काही ओढलं की ठिणग्या उडाल्या. अंड्यांच्या एका टोपलीपुढे माझी दीड वर्षं हरली. मात्र जेवायला बसल्यावर त्यांनी भात हुंगला नाही. खाली बघून म्हणाले, "तुले मी इचाराले पाह्यजे होतं." एवढंच. मी वाढत राहिले.

सत्तावन्नला आपल्याकडे दुसऱ्यांदा मतं पडली, माझ्याच शाळेत. फौजी रांगेतून बाहेर आले ते गंभीर तोंडाने. "आपली दोनदा पडली. त्यायची एकदाबी नाई." मी हसले. तेव्हा मला हसू येत होतं. वाटलं, माणूस माझा आहे, थोडासा तिच्याकडे उसना गेला आहे, म्हातारपणापर्यंत येईल पूर्ण परत.

तेवढे दिवस नव्हते. लाकडाच्या ठेकेदाराचा ट्रक ते चालवू लागले होते, आलापल्लीच्या जंगलातून बल्लारपूरला सागाचे ओंडके न्यायचे. हिवाळ्यातली सकाळ, दवाने ओल्या उतारावर भरलेला ट्रक नाल्यात कलंडला. संध्याकाळी दोन माणसं सायकलवर आली. मी शाळेच्या पायरीवर होते. त्यांनी सायकली लांबच उभ्या केल्या, तेव्हाच मला कळलं.

दिवसकार्य झालं. माणसं येऊन बसायची, त्याच छपरीत, त्याच जागी. कोणी बोलायचं नाही, कारण तिथे बोलणारा एकच होता. एके दिवशी सोमाभाऊ रडत रडत म्हणाले, "आता थ्या पुलावरच्या बाईले कोन सांगन, फौजी गेला म्हून?"

माझं डोकं तडकलं. माझ्या कुंकवाचं दुःख करायला बसलेत की तिच्या टोपलीचं? तिला यांचं नावदेखील ठाऊक नव्हतं. मी उठून उभी राहिले, सोमाभाऊंना दोन शब्द सुनवायचे म्हणून. आणि तेवढ्यात ती बाई माझ्या डोळ्यांपुढे आली. पुलाच्या टोकाला बसलेली, नदीकडे तोंड करून. मतं पडली नव्हती, पूल मोकळा झाला नव्हता, तिचा माणूस जिवंत होता की नव्हता कोणाला ठाऊक. पण ती उद्या सकाळी उठणार होती, चूल पेटवणार होती आणि त्याच्यासाठी अंडी उकडणार होती.

इतकी वर्षं मी फौजींवरून तिच्यावर जळले. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या नवऱ्यावरून जळले. मी खाली बसले. बाहेर रस्ता होता, संध्याकाळ होत होती, आणि मला तिकडे बघायचं काही कारण उरलं नव्हतं.